कंपनीची किती माणसं येणार?

ऑक्टोबर सरत आला की डहाणूहून आशागडकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गंमत असते. गाव सोडताना सुक्या बोंबलांचा वास पाठीमागे बसलेला असतो, स्कूटरवरून उतरायलाच तयार नसतो. मग कुठल्या तरी वळणावर तो मुकाट्याने उतरून मागे फिरतो आणि कापलेल्या भाताचा वास पुढे येऊन उभा राहतो. ओला, गोडसर, थोडा धुळीचा. मी त्या वळणावर दरवर्षी स्कूटर थांबवतो, हेल्मेट काढतो, डोळे मिटतो आणि छाती भरून श्वास घेतो. गेल्या आठवड्यात असाच उभा होतो, तर एका ट्रकवाल्याने गाडी हळू करून विचारलं, "काका, बरं वाटत नाही का? चारोटीला डॉक्टर आहे."

"अहो, मी भाताचा वास घेतोय!"

तो गेला. जाताना त्याने क्लीनरला काहीतरी सांगितलं आणि दोघंही हसले. हरकत नाही. प्रेक्षक हसला की नटाचं भागतं.

नट म्हणजे हौशी. पोटापाण्याला माझी चिकूची वाडी आहे, पण डहाणूत मला चेहऱ्यावरून कमी आणि आवाजावरून जास्त ओळखतात. इथल्या केबल वाहिनीवर साड्यांचा सेल, दातांचा दवाखाना आणि कोंबड्यांचं खाद्य या तिन्हींना माझाच आवाज आहे, आणि तिन्हींना सारख्याच उत्कटतेने दिलेला आहे. माझी बायको सुनंदा म्हणते, "तुम्ही मीठसुद्धा असं मागता की जेवण टाकून टाळ्या वाजवाव्यात." मी हे कौतुक समजतो.

तर या वासाबरोबर मला दरवर्षी एकच कापणी आठवते. फार जुनी नाही. पण त्यानंतरच्या कापण्या तिच्यापुढे अंगाने बारीक दिसतात.

त्या वर्षी आमच्या वाहिनीचं विलीनीकरण निघालं. वाहिनी तशी मुंबईच्या एका कंपनीची. तिला त्याहून मोठी कंपनी आपल्यात सामावून घेणार होती. मोठी माणसं मोठ्या हॉटेलात एकमेकांचे हात धरून हसली, त्याचे फोटो आले, आणि काही दिवसांनी कळलं की लहान गावांतली कार्यालयं बंद होणार. बातम्या सगळ्या मुंबईहून वाचल्या जाणार. आमचं डहाणूचं कार्यालय म्हणजे मासेमारीच्या जाळ्यांच्या दुकानावरचा एक मजला. नायलॉनचा वास, एक कॅमेरा, मागे समुद्राचं चित्र काढलेला पडदा, आणि मोजकी माणसं. त्या मोजक्या माणसांच्या नोकऱ्या जायच्या होत्या.

त्यात जमना होती. वेवजीकडच्या एका पाड्यावरची मुलगी, बारावीनंतर डहाणूत आलेली. सातच्या बातम्यांची शेवटची दहा मिनिटं ती वारलीत वाचायची. त्या दहा मिनिटांत दिल्ली नसायची, क्रिकेट नसायचं. रेशनचा तांदूळ कुठल्या दुकानात आला, तलासरीची कुठली एसटी बंद पडली, दवाखान्यात लस कधी मिळणार, कुणाचा बैल सुटला, कुणाकडे लग्न आहे, कोण गेलं. बस. पण ती दहा मिनिटं लागली की तालुक्यात अशी शांतता व्हायची की माझ्या साड्यांच्या सेलला ती जन्मात मिळाली नाही. मी जळायचो. उघड सांगतो.

मुंबईहून वारलीत कोण वाचणार होतं? कुणी नाही. जमनाची खुर्ची जाणार, आणि तिच्याबरोबर ती दहा मिनिटंही. एवढं सरळ होतं ते.

गाव खवळलं. बाजारात सह्यांची मोहीम झाली, वाणगावच्या भाजीवाल्या बायकांनी अंगठे दिले, मच्छीमारांनी सभा घेतली, शाळांतल्या शिक्षकांनी निवेदनं दिली. एका सभेत मी भाषण केलं. हात उंचावून सुरुवात केली, "बंधूंनो, भगिनींनो, एक आवाज बंद होतोय!" आणि नेमका माईक बंद पडला. लोकांना वाटलं, मुद्दाम केलं. एवढ्या टाळ्या मला पुन्हा मिळाल्या नाहीत. पुढचं भाषण मी रद्दच करून टाकलं, कारण त्याच्यावर चढेल असं माझ्याकडे काही नव्हतं.

कार्यालयातल्या माणसांचा पुढारी विनायक. हा कॅमेरामन. उंच, तापट, आणि कॅमेऱ्यामागे उभं राहून राहून एक डोळा कायम बारीक झालेला. त्याने जिन्याच्या पायथ्याशी धरणं धरलं. सतरंजी, फलक, घोषणा, सगळं रीतसर. मुंबईहून कंपनीच्या रेगे मॅडम बोलणी करायला येणार होत्या, त्या दिवशी तर सगळ्यांनी काळ्या फिती लावल्या.

आणि त्याच सकाळी तो टेम्पो आला.

त्याचं असं झालं होतं. आदल्या संध्याकाळी जमनाने स्वतःची बातमी स्वतः वाचली होती. दुसऱ्या कुणाबद्दल वाचावी तशी. डहाणूच्या कार्यालयातली माणसं कमी होणार, काम मुंबईहून थोडी माणसं करणार. ही बातमी तिच्या पाड्यावर पोचली, आणि पाड्याने तिच्यावर पाड्याच्या पद्धतीने विचार केला. काम तेवढंच राहणार. माणसं कमी पडणार. मग जायला नको?

हे ज्याला विचित्र वाटत असेल त्याने आमची कापणी पाहिलेली नाही. भात पिकलं की ते वाट बघत नाही. एकट्या घराने कापत बसलं तर निम्मं शेतातच झडून जातं. म्हणून आज सगळे तुझ्या शेतावर, उद्या सगळे माझ्या. पुस्तकात याला इर्जिक म्हणतात. पाड्यावर नुसतं 'हात द्यायला जाणं' म्हणतात. ज्याची माणसं कमी, त्याच्याकडे आधी जायचं. विचारायचं नसतं. त्याने जेवण घालायचं, आणि पुढे आपल्याकडे यायचं. इतकंच.

तर टेम्पोतून उतरल्या पंचवीस-तीस बायाबापे. भाकऱ्या फडक्यात बांधलेल्या. सवयीने कमरेला विळेसुद्धा. पुढे जमनाची आत्या, बुधी. पन्नाशीची, काटक, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर थापटी मारायची सवय असलेली. विळे बघून जाळीवाल्या दुकानदाराने अर्धं शटर खाली ओढलं. विनायक आनंदाने उठला. त्याला वाटलं, पाठिंबा आला.

"या आत्या, बसा! घोषणा द्या!"

"बसाया नाय आलो," बुधीआत्या म्हणाली. "काम दाखव."

"कसलं काम?"

"तुमची माणसं कमी पडतात ना? आमी आलो. दाखव काय करायचं. दुपारपर्यंत उरकू."

विनायकचा बारीक डोळा आणखी बारीक झाला. तो समजवायला गेला तोवर चार बाया जिना चढून वर पोचल्या होत्या. मी त्यांच्या मागे धावलो. असा प्रवेश मी चुकवणं शक्यच नव्हतं. वर गेल्या गेल्या त्यांनी स्टुडिओ झाडला. कॅमेऱ्याच्या वायरी दोरासारख्या कोपरावर गुंडाळून, गाठी मारून, खुंटीला टांगल्या. समुद्राचा पडदा काढून झटकला. त्यातून इतकी धूळ निघाली की समुद्राचा रंग निळा आहे हे आम्हाला प्रथमच कळलं. एक बाप्या कॅमेऱ्यासमोर उभा राहून शांतपणे विचारत होता, "याला चारा काय घालता?" आणि आपल्याच विनोदावर डोलत होता. जमना दारात उभी. पदर तोंडाला लावलेला. ती हसत होती की रडत होती ते पदरामुळे कळत नव्हतं, आणि बहुधा तिलाही कळत नसावं.

विनायक वर आला तो घामाघूम.

"आत्या, थांबवा हे! तुम्ही फुकट काम केलंत तर कंपनी म्हणेल, पगारी माणसं हवीत कशाला? आमच्या पोटावर पाय देताय तुम्ही!"

सगळे हात थांबले. त्याचं म्हणणं खरं होतं हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. जमनाने पदर खाली घेतला. तिची खुर्ची घालवायला तिचीच आत्या टेम्पो करून आली होती की काय!

बुधीआत्याने विनायककडे असं बघितलं जसं एखाद्या पोराने भात झाडाला लागतं असं म्हणावं.

"फुकट? फुकट कोण येतो रे? उद्या कंपनी येल ना आमच्या शेतावर."

"कंपनी?"

"मग! आमी तिचं काम केलं. ती आमचं करील. नाय येणार?"

खाली रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला, आणि रेगे मॅडम जिना चढून वर आल्या. पांढरे बूट, खांद्याला लॅपटॉप, चेहऱ्यावर आधीच तयार केलेली सहानुभूती. समोर लख्ख स्टुडिओ आणि कमरेला विळे लावलेल्या बाया. सहानुभूती गळून पडली आणि खाली खरा चेहरा निघाला, तो बरा होता.

आमच्या पाड्यांवर देवालाही तू म्हणतात आणि कलेक्टरलाही. बुधीआत्याने मॅडमच्या खांद्यावर थापटी मारली. "तू कंपनीची ना, बाय? तुझं काम झालं बघ. आता सोमवारी आमचं भात कापायचं हाय. तुझी किती माणसं येणार?"

मॅडम हसल्या. सगळ्यांना वाटलं, आता आत्या पण हसेल. ती हसली नाही. ती खरंच विचारत होती. तेव्हा मॅडमचं हसू हळूहळू उतरलं, आणि त्या म्हणाल्या, "विचारून सांगते."

आणि विनायक! त्या माणसाला मी तापट म्हणालो, पण त्या क्षणी त्याच्या डोक्यात जे पेटलं त्याला माझा सलाम. तो खाली गेला, फलक उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'कंपनीची किती माणसं येणार?'

पुढचे काही दिवस मी इतका सुखात होतो की वाडीकडे फिरकलोसुद्धा नाही. बातमी जमनानेच दिली, शेवटच्या दहा मिनिटांत. मग रोज एक नवा पाडा. आज उधव्याकडचा, उद्या आशागडच्या पलीकडचा. कुणी जिना रंगवला. कुणी छपरावरची गळकी कौलं फिरवली. शेवटी करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा एक पाडा नुसता येऊन भाकरी खाऊन, विनायकला दोन घास खायला लावून, "आमचा पण दिवस धरा" असं सांगून गेला. आणि ज्याने त्याने परत जाऊन मुंबईला फोन लावला. वेवजीतला एक तरुण वापीला नोकरीला होता, त्याने मुख्य कार्यालयाचा नंबर काढून सगळीकडे वाटला होता. मुंबईत फोन उचलणाऱ्या मुलीला दिवसभर एकच प्रश्न. मराठीत, वारलीत, गुजरातीत, तोडक्या हिंदीत. आमचं भात बुधवारी आहे. किती माणसं पाठवता? बायका असतील तर बरं, बायका चांगलं कापतात. चपला आणू नका, बांधावर घसरतं. ती बिचारी आधी चिडली, मग रडकुंडीला आली, आणि ऐकतो ते खरं असेल तर शेवटी एका म्हातारीला भाताची जात कुठली ते विचारू लागली.

घोषणा नाही, शिव्या नाहीत. कुणी कंपनीला मुर्दाबाद म्हणालं नाही. सगळा तालुका तिला आपल्या शेतावर बोलावत होता. याला नाही कसं म्हणायचं, हे कुठल्याच कंपनीला शिकवलेलं नसतं.

आणि रेगे मॅडम आल्या. सोमवार हुकला, पण पुढे एका रविवारी, आत्याचं थोडं भात अजून उभं होतं तेव्हा, एका गाडीत बसतील तेवढी माणसं घेऊन. मी अर्थातच हजर.

ते शेत मला आजही दिसतं. डोंगराच्या उतारावर नाचणी, खाली पिवळं भात, मध्ये बांधांच्या हिरव्या रेषा. नऊ वाजता ऊन पाठीवर हात ठेवायला लागलं होतं. मुंबईच्या पोरांनी विळे असे धरले होते जसे कुणी दुसऱ्याचं तान्हं मूल धरतं. बुधीआत्याने प्रत्येकाच्या मागे एकेक बाई उभी केली, बोटं शाबूत राहावीत म्हणून. भाताची पाती हातांना कापत होती, मानेला खाज सुटत होती, आणि कुणीतरी गाणं म्हणत होतं ज्यात मुंबईच्या पोरांची नावं घालून त्यांच्या कापण्याची थट्टा चालली होती. त्यांना ती कळत नव्हती, म्हणून ते टाळ्या वाजवत होते, आणि बाया आणखी जोरात म्हणत होत्या. मला पण विळा दिला होता. मी इतक्या अभिनयाने कापत होतो की आत्या म्हणाली, "तू बस, बाबा. तू बोल. तुझं तेच बरं."

दुपारी उडदाची आमटी, तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी. मॅडम बांधावर पाय सोडून बसल्या होत्या. बुटांचा रंग आता मातीचा झाला होता. जमना त्यांना वाढत होती. मॅडम एकदम म्हणाल्या, "जमना, एक सांगू? तिकडच्या कंपनीत माझ्यासारख्याच जागेवर अजून एक बाई आहे. दोघींतली एकच राहणार."

जमना वाढता वाढता थांबली. "मग तुमी?"

"बघू," असं म्हणून मॅडमनी चटणीचा मोठा घास घेतला आणि ठसका लागला, म्हणून डोळ्यांतलं पाणी चटणीच्या नावावर गेलं. आत्याने पाठ चोळली. "पाणी पी, बाय. हळू."

नंतर काय झालं? दोन कंपन्या एक झाल्याच. ते कुणाला थांबवता आलं नाही. पाटी बदलली, चिन्ह बदललं. डहाणूचं कार्यालय मात्र राहिलं. सगळं नाही, संपादनाच्या टेबलावरचे दोघं गेले, एकाने चारोटीला नाश्त्याची गाडी टाकली आणि तिथली भजी खाताना मला अजून त्याच्या कडक भाषेची आठवण येते. पण कॅमेरा राहिला, विनायक राहिला, जमनाची दहा मिनिटं राहिली. का राहिली? मुंबईचे लोक म्हणतात, जाहिरातींचा हिशेब जमला. शिक्षक म्हणतात, निवेदनांमुळे. मच्छीमार म्हणतात, आमच्या सभेमुळे. सगळं खरं असेल. मी नाटकवाला माणूस, मला भाताचं कारण आवडतं आणि मी तेच सगळीकडे सांगतो.

मॅडमची खुर्ची मात्र गेली. त्यांनी फोन करून बुधीआत्याला सांगितलं. आत्या ऐकून घेऊन म्हणाली, "मग ये इकडं. वरईची कापणी बाकी हाय." आणि त्या आल्या. तेव्हापासून दरवर्षी येतात. आता दुसरीकडे नोकरी आहे, बरी चालली आहे, पण ऑक्टोबरात एक रजा त्या आत्यासाठी ठेवतात आणि त्यांचं कापणं, मला सांगायला वाईट वाटतं, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं झालं आहे.

यंदाची गोष्ट तर अगदी परवाची. जमनाचं लग्न झालं, तिचं स्वतःचं शेत आहे आता. तिचा फोन आला.

"काका, उद्या आमच्याकडं माणसं येणार कापायला. मला सातला यायला जमायचं नाय. तुमी वाचाल?"

वाचाल! त्या दिवशी मी आरशासमोर दुपारपासून उभा होतो. कपाटातून जाकीट काढलं, पावडर लावली, वारलीचा उच्चार सुनंदासमोर घोकला. तिने टीव्हीचा आवाज वाढवला. सातला मी जमनाच्या खुर्चीवर बसलो. खुर्ची ठेंगणी, म्हणून खालचा दांडा ओढून उंच करून घेतली. विनायकने बोट दाखवलं आणि मी सुरू झालो. आयुष्यभर ज्या शांततेवर जळलो ती दहा मिनिटं माझी होती! म्हैस हरवल्याची बातमी मी अशा आवाजात वाचली की तलासरीहून दोन फोन आले, म्हैस वारली का म्हणून. एसटीची वेळ सांगताना माझा गळा भरून आला. कॅमेरा हलत होता, कारण मागे विनायक हसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमना वाडीत हजर. हातात जाळीची काठी, चिकू उतरवायला.

"अगं, हे कशाला? मी हौसेने वाचलं."

"हौसेनंच वाचलंत, काका. सगळ्यांनी बघितलं ते." ती झाडाखाली उभी राहून फांदी वाकवत होती. "पण दिवस परत नाय केला तर तो तुमच्याकडं ऱ्हाईल. मग खुर्ची पण तुमच्याकडं ऱ्हाईल. मला नाय परवडायचं."

"मी ठेवून घेईन असं वाटतं तुला?"

"म्हशीची बातमी बघितली मी," ती म्हणाली. "ठेवून घ्याल."

दिवसभर ती राबली. टोपल्या भरल्या, चीक निघेपर्यंत हात घासले, आणि ऊन कलल्यावर डहाणूची रिक्षा धरून गेली. सातला मी टीव्ही लावला. शेवटची दहा मिनिटं आली, समुद्राचं चित्र आलं, आणि समोर जमना, हनुवटी टेबलाच्या फार वर. खुर्ची अजून माझ्या मापाची होती. तिने सगळ्या तालुक्यासमोर खाली हात घातला, दांडा ओढला, खुर्चीसकट सावकाश आपल्या उंचीवर उतरली, आणि मग वाचायला लागली.